‘कोण हाय?’

दारावर थाप पडली की आतून ‘कोण?’ म्हणून विचारायचं आणि बाहेरून ‘मी’ म्हणून सांगायचं, ही आपली फार जुनी रीत. तसं पाहिलं तर ह्या प्रश्नोत्तरातून काहीही निष्पन्न होत नाही. जगातला प्रत्येक माणूस स्वतःपुरता ‘मी’च असतो. चोरानं खरं बोलायचं ठरवलं तर तोही ‘मी’च म्हणेल. तरीसुद्धा आमच्या मंठ्यात ह्या एका अक्षरावर पिढ्यान्‌पिढ्या दारं उघडत आली आहेत, कारण ऐकणारी माणसं शब्द ऐकतच नाहीत, घसा ऐकतात. घशावरून माणूस कळतो, माणसावरून काम कळतं, आणि काम उसन्याचं असेल तर ‘घरात नाहीत’ असं त्याच दमात सांगताही येतं.

ह्या सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत यंत्र आणून बसवण्याचं पाप माझ्या हातून घडलं.

जालन्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची इमारत आहे. खाली गाड्या, वर तीन मजले, मजल्याला चार घरं. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. मी सेक्रेटरी आहे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, एवढ्या एकाच गुन्ह्याबद्दल मला ही शिक्षा झाली. आपल्याकडं विज्ञानाच्या मास्तरला फ्यूज बांधण्यापासून ते चंद्रग्रहणात गरोदर बाईनं काय करावं इथपर्यंत सगळं यायला हवं, अशी समजूत आहे. इमारतीच्या दाराला कुलूपवाला टेलिफोन बसवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडंच पाहिलं.

यंत्र तसं साधं. खाली दाराशी एक पत्र्याची पाटी, तीवर बारा बटणं, बटणांच्या वर जाळी. जाळीमागं एक चिमुकला कर्णा आणि एक चिमुकला मायक्रोफोन. वर प्रत्येक घरात भिंतीला टांगलेला रिसीव्हर. पाहुण्यानं बटण दाबलं की त्या घरात कर्रकर्र वाजतं. घरवाल्यानं रिसीव्हर उचलून चौकशी करायची आणि समाधान झालं तर खालची कळ दाबायची. दाराचं विजेचं कुलूप खट्‌कन सुटतं. घंटेसाठी प्रत्येक घराला वेगळी तार असते, पण बोलण्याच्या तारा मात्र बाराही घरांना मिळून त्याच. हे शेवटचं वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचा सगळा प्रकार झाला.

पहिले आठ दिवस मंठेकरांनी ह्या यंत्राशी असहकार केला. दूधवाला बाराही बटणं एकदम दाबायचा, कारण ‘दूध समद्यायलाच लागतंय की!’ शेतातून धान्य घेऊन आलेला एक पाहुणा पाटीपुढं चपला काढून उभा राहिला. बाकीचे रस्त्यात उभे राहून गॅलरीकडं तोंड करून पूर्वीसारखेच हाका मारत. शेवटी मी स्वतः रंगाचा डबा आणून दारावर लिहिलं, ‘कृपया हाका मारू नयेत. बटण दाबावे.’ अक्षर चांगलं आलं होतं. त्या अक्षराची मला पुढं फार लाज वाटली, पण ते नंतर सांगतो.

आणि बटण दाबलं तरी अडचण होतीच. खालून ‘मी’ असा आवाज यायचा, पण तो कुणाचाच नसायचा! माणसाचा आवाज मुळात फार मोठ्या पट्ट्यात पसरलेला असतो; टेलिफोनवाल्यांनी त्यातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच तुकडा ठेवून बाकीचा गाळून टाकला. शब्द कळायला तेवढा पुरतो. घसा मात्र त्या गाळात जातो. आमच्या पाटीतला कर्णा तर चहाच्या बशीपेक्षाही लहान. त्यातून तलाठी आणि भंगारवाला हे दोघेही एकाच आईची लेकरं वाटत.

आता मास्तरकीची खोड म्हणून थोडा इतिहास सांगतो. दाराची विजेची घंटा आणि टेलिफोन ही दोन वेगळी घराणी आहेत असं आपल्याला वाटतं. तसं नाही. अमेरिकेत जोसेफ हेन्री नावाचे एक शिक्षक होते. (मास्तरच!) त्यांनी १८३१ साली मैलभर लांबीच्या तारेच्या टोकाला विद्युत्‌चुंबकानं घंटा वाजवून दाखवली. विजेवरच्या घंटेचं मूळ तिथं सांगतात. हेच हेन्री म्हातारपणी वॉशिंग्टनला असताना १८७५ साली एक तरुण त्यांच्याकडं सल्ल्याला आला. त्याच्या डोक्यात तारेतून बोलणं पाठवायची कल्पना होती, पण विजेचं ज्ञान बेताचं. ते त्यानं कबूलही केलं. हेन्रींनी त्याला सांगितलं, नसेल तर मिळव. त्या तरुणाचं नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. म्हणजे दारावरच्या घंटेनंच टेलिफोनच्या पाठीवर हात ठेवला म्हणायचं.

पुढं १० मार्च १८७६ रोजी बॉस्टनमध्ये बेलनं यंत्रातून पहिलं वाक्य उच्चारलं. ते काय होतं? ‘वॉटसनसाहेब, इकडं या, मला तुम्ही हवे आहात’ अशा अर्थाचं. वॉटसन होता कुठं? त्याच इमारतीत, पलीकडच्या खोलीत! अहो, हा टेलिफोन कुठला? हा तर आमच्यासारखाच घरातल्या घरातला फोन झाला. टेलिफोनचा जन्मच मुळी एका खोलीतल्या माणसाला दुसऱ्या खोलीत बोलावण्यासाठी झाला आणि समुद्र वगैरे ओलांडणं हे त्याचे नंतरचे उद्योग. ह्या शोधाचा मला इतका आनंद झाला की मी तो सोसायटीच्या बैठकीत सांगितला. बैठक लवकर आटोपली.

हिंदुस्थानात टेलिफोन तसा लवकर आला. २८ जानेवारी १८८२ ला कलकत्त्याचं एक्स्चेंज सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईतही तारा खणखणू लागल्या. पण मुंबई वेगळी आणि मंठा वेगळं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात. पुढं माझ्या लहानपणी मंठा परतूर तालुक्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात. आमचा जालना जिल्हाच झाला तो १ मे १९८१ ला. १९६० साली कानपूरचा माणूस लखनौला ऑपरेटरशिवाय नंबर फिरवून बोलला आणि देशात एसटीडी आली, असं इतिहासात लिहिलेलं आहे. कानपूरच्या माणसाचं अभिनंदन. आमच्याकडं त्यानंतरही कितीतरी वर्षं ट्रंक कॉलच होता.

ट्रंक कॉल ज्यांना माहीत नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. आधी बुकिंग करायचं. मग वाट पाहायची. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लायटनिंग कॉल अशा तीन जाती. लायटनिंगचा दर साध्याच्या आठपट, त्यामुळं तो बहुधा मरणाच्या बातमीलाच परवडायचा. हिशेब तीन-तीन मिनिटांचा. गावात फोन होता एका आडतीच्या दुकानात, आणि आसपासच्या पन्नास घरांचा ‘पीपी’ नंबर तोच. फोन आला की दुकानातलं पोरगं ज्याचा कॉल त्याला बोलवायला पळायचं. तो माणूस धोतर सावरत येईपर्यंत, आल्यावर धाप लागल्यानं पहिलं वाक्य फुटेपर्यंत, आणि ‘कसं काय?’ ‘बरं हाय’ इतकं होईपर्यंत तीन मिनिटं संपलेली असायची. बोलणारा इतक्या मोठ्यानं ओरडायचा की फोन नसता तरी चाललं असतं. दुकानातले सगळे गिऱ्हाईक माप थांबवून ऐकायचे, आणि संध्याकाळपर्यंत ते बरं असणं गावभर व्हायचं.

ह्या पीपी नंबराची सगळ्यांत चिकट गिऱ्हाईक म्हणजे माझी आत्या. १९७९ साली तिचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला लागला. तो रविवारी कॉल लावायचा. दोन रविवार असे झाले की पोरगं बोलवायला आलं, आत्या पळत गेली, आणि कानाला लावेपर्यंत पलीकडं नुसती खरखर. तिसऱ्या रविवारी आत्या सकाळी नऊलाच त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आडतदार म्हणाले, “बाई, कॉल लागला की पोराला धाडतो ना.” आत्या म्हणाली, “नगं. फोन काय माझ्यामागं पळत येत नसतो. मीच बसते फोनापाशी.” पुढं कैक वर्षं तिचा रविवार त्या पायरीवर गेला. मुलाचा कॉल एखाद्या वेळी यायचा, एखाद्या वेळी नाही. पण पायरीवर बसून तिला सगळ्या बाजाराचा भाव आणि सगळ्या गावाची सोयरीक तोंडपाठ झाली.

मग १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिनं खेड्याच्या धुळीत आणि उन्हात, थंड हवेच्या खोलीशिवाय चालेल असं १२८ लायनींचं लहान एक्स्चेंज तयार केलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. तिथून गावोगावी फोन पसरले, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, गेले, मोबाइल आले. आत्याच्या मुलानं तिला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेऊन दिलं, मोबाइल दिला. तो रोज रात्री नियमानं दोन मिनिटं बोलतो. आत्या आता सत्त्याऐंशीची आहे. गुडघे गेल्यामुळं ती दोन वर्षांत जिना उतरलेली नाही. स्वयंपाकाची बाई सकाळी येते, मी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून वर जाऊन चहा पितो. बाकी दिवस तिचा तिचा.

आता बिघाडाकडं येऊ.

दिवाळी झाली आणि आमचं दार बोलू लागलं. बटण कुणीही दाबलेलं नसताना पाटीच्या जाळीतून खोकला येई. कधी पहाटे काकड्यासारखी गुणगुण, कधी कुकरच्या शिट्ट्या. एकदा दुपारी भाजीवालीनं टोपली उतरवली तर दार म्हणालं, “आगं, ऊन किती हाय, बस जरा.” ती टोपली तिथंच टाकून पळाली. भानामती हा शब्द आमच्या भागाला नवा नाही. दोन दिवसांत दाराच्या कडीला लिंबू-मिरची आली. जिल्ह्याच्या गावाहून यंत्र बसवणारे आले, त्यांनी बारा व्होल्टचा सप्लाय बदलला, बिल दिलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी दाराला शिंक आली.

इथपर्यंत गंमत होती. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या तलाठ्यांच्या दोन महिन्यांच्या बाळाला ताप चढला. औषधाच्या दुकानात निरोप गेला, दुकानातलं पोरगं बाटली घेऊन आलं. त्यानं बटण दाबलं. वर तलाठ्यांच्या बायकोनं रिसीव्हर उचलला तर त्यातून टीव्हीवरचं कीर्तन ऐकू येत होतं. खाली पोराला कीर्तन आणि बाई दोन्ही एकदम. कुणाचं कुणाला कळेना. पंधरा मिनिटं तसंच. शेवटी पोरगं निघून गेलं. तलाठी स्वतः धावत दुकानात गेले तेव्हा औषध मिळालं. बाळ सकाळपर्यंत बरं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला रागानं विचारलं, “अरे, गॅलरीखालून एक हाक मारायची होतीस!” ते म्हणालं, “सर, तुमीच लिवलंय की, हाका मारू नका म्हणून.”

माझा विद्यार्थी होता, एवढं सांगतो.

त्या दिवशी मी पेचकस घेऊन बसलो. बिघाड शोधायची एक जुनी रीत आहे: संशयित अर्धे करत जायचे. मजल्यावरच्या जोडपेटीतली बोलण्याची तार सुटी करायची, आणि दार गप्प झालं का ते पाहायचं. पण मी वर आणि दार खाली! म्हणून तलाठ्यांच्या मोठ्या पोराला दाराशी बसवलं आणि तो खालून ‘चालू हाय!’ ‘चालू हाय!’ असा कंठरवानं ओरडत राहिला. आमच्या इमारतीतला टेलिफोन दुरुस्त करायला शेवटी हाकच कामाला आली. पहिला मजला सोडवला, चालू. दुसरा, चालू. तिसरा सोडवला आणि खालून आवाज आला, “मेलं!” मग तिसऱ्याची चार घरं एकेक करून जोडली. पहिलं जोडलं, गप्प. दुसरं जोडलं आणि पोरगं किंचाळलं.

दुसरं घर म्हणजे आत्याचं.

मी आत गेलो. आत्या खाटेवर आडवी होती आणि भिंतीवरचा रिसीव्हर, त्याची वेटोळी तार ताणून, तिच्या उशीवर कानाशी ठेवलेला. रिसीव्हर आकड्यावरून उचलला की त्याचा मायक्रोफोन त्या सामाईक तारेला जोडला जातो, तो परत ठेवीपर्यंत. आत्याच्या खोलीतला खोकला, कुकर, कीर्तन, सगळं दिवाळीपासून दारात सांडत होतं. आणि दारातलं सगळं तिच्या कानात.

“आत्या, हे काय?”

“हळू बोल,” आत्या म्हणाली. “खाली आडतदाराची सून माहेराहून यायली. रिक्षावाल्याशी भाडं तोडायली.”

मग तिनं मला इमारतीचा दोन महिन्यांचा वृत्तान्त ऐकवला. कोण किती वाजता येतो, कोण पायऱ्यांशी थांबून आधी फोनवर बोलतो आणि मग घरात जातो, बँकेच्या साहेबांचं कुणाशी पटत नाही. त्या चिमुकल्या कर्ण्यातून, जिथं मला तलाठी आणि भंगारवाला वेगळे कळत नव्हते, तिथं आत्या पावलांवरून माणूस सांगत होती. मी तिला बाळाच्या औषधाचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाली, “घेऊन जा बाबा हे. मला वाटलं, आपण नुसतं ऐकतोय.”

रविवारी खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक झाली. बँकेच्या साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरचं ते कनेक्शन कायमचं तोडावं असा ठराव मांडला. शिवाय आपलं दारातलं बोलणं कुणी ऐकणं हा खासगी आयुष्यावर घाला आहे, असंही म्हणाले. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पुण्याचा एक सभासद मोबाइलवरून बैठकीला हजर होता. त्यानं सांगितलं की ह्या तारा फेकून द्या, गेटमध्येच सिमकार्ड घाला. परदेशात तसंच असतं, दार थेट तुमच्या फोनला कॉल करतं आणि तुम्ही नऊ दाबलं की उघडतं. ते मला ठाऊक होतं. १९६३ साली बटणांचे टेलिफोन निघाले तेव्हापासून प्रत्येक आकड्याला दोन सूर असतात. नऊला ८५२ आणि १४७७ हर्ट्‌झ. हे दोन सूर एकदम ऐकू आले की दार समजतं, मालकाची परवानगी आहे. जुन्या तबकडीचा फोन असला की सूरच निघत नाहीत आणि पाहुणा बाहेर. मी म्हणालो, आत्याला नऊ दिसत नाही. पुण्याचा सभासद ‘नेटवर्क’मध्ये अदृश्य झाला.

आणि मग तलाठ्यांची बायको उठली. सगळ्यांत जास्त बोलायचा हक्क तिचाच होता, म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली, “तोडू नका. मला यायला उशीर झाला की आमच्या मोठ्याला शाळेतून आल्यावर आजीच आत घेती. रोज विचारती, डबा खाल्ला का.” पहिल्या मजल्यावरची दोन पोरंही त्याच वाटेनं आत येत होती, असं तेव्हा उघड झालं. बिनपगारी पहारेकरी आम्ही दोन महिने वापरत होतो आणि आम्हालाच पत्ता नव्हता.

ठराव नापास झाला. साहेबांनी विरोध नोंदवायला सांगितला, तो मी वहीत नीट लिहून घेतला.

दुरुस्ती दहा मिनिटांची. आत्याच्या रिसीव्हरमधल्या मायक्रोफोनची एक तार तोडली आणि तिच्यामध्ये दारावरच्या घंटीचं साधं बटण बसवलं. आता रिसीव्हर उशीवर असला तरी खोली खाली जात नाही. बटण दाबून धरलं तरच बोलणं जातं. ऐकू मात्र येतं. त्यामुळं इतरांचा आवाज किंचित बारीक होतो, तो मी कुणाला सांगितलेला नाही. दारावरच्या पाटीतला ‘हाका मारू नयेत’ एवढा भाग रंगानं पुसला. लिंबू-मिरची कुणीतरी बदलत असतं. ती राहू दिली.

काल सकाळी मी भाजी घेऊन आलो. खिशात किल्ली चाचपत होतो तर जाळीत खुट्ट वाजलं.

“कोण हाय?”

“मी,” मी म्हणालो.

कुलूप सुटलं. मी दार ढकलतो तोवर पुन्हा खुट्ट.

“मेथी बघून घेतली का रे? परवाची किडकी होती.”

बाजूला कुरिअरचं एक पोरगं पाकिटं घेऊन उभं होतं. त्यानं आधी दाराकडं पाहिलं, मग वाकून माझ्या पिशवीत पाहिलं आणि जाळीला तोंड लावून सांगितलं, “चांगली हाय, आजी.”